इबो विभक्ततावादी चळवळ

नायजेरियाच्या आग्नेय भागातील इबो (इग्बो) लोकांचे स्वतंत्र राष्ट्र स्थापन करण्यासाठी झालेली व अद्याप न शमलेली चळवळ. या राष्ट्राला चळवळीने ‘बिआफ्रा’ हे नाव दिले असून ते गिनीच्या आखातातील बिआफ्राच्या उपसागरावरून घेतले आहे. अबिया, अनांब्रा, एबोनी, एनुगू व ईमो ही पाच घटकराज्ये इबोबहुल आहेत. त्यांशिवाय डेल्टा व रिव्हर्स या राज्यांतही इबोंची वस्ती आहे.

पार्श्वभूमी : इबो समाजात पूर्वापार मोठी राजसत्ता क्वचितच होती. गावसभा, वयोगट व ज्येष्ठांची मंडळे यांच्या विचारविनिमयातून निर्णय होत. ब्रिटिशांनी १९१४ मध्ये उत्तर व दक्षिण नायजेरिया एकत्र करून एकच वसाहत निर्माण केली. तथापि दोन्ही भागांची राज्यपद्धती भिन्नच राहिली. पूर्वेत ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांमुळे शिक्षणाचा झपाट्याने प्रसार झाला आणि इबो लोक कारकून, शिक्षक, व्यापारी, रेल्वे कर्मचारी इ. नात्यांनी देशभर पसरले. उत्तरेकडील शहरांत ते ‘साबोन गारी’ म्हणजे नव्या वस्त्यांतून राहत. स्वातंत्र्यलढ्याचे एक प्रमुख नेते व प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष न्नाम्दी अझिकिवे (१९०४–९६) हे इबोच होते. एकसंध नायजेरियाचा पुरस्कार करणाऱ्यांत एकेकाळी अग्रभागी असलेला हा समाज पुढे विभक्ततेकडे वळला, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

१९६६ मधील घटना : १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. जनगणनेचे वाद, निवडणुकांतील गैरप्रकार व प्रादेशिक पक्षांची चुरस यांमुळे पहिले प्रजासत्ताक डळमळीत झाले. १५ जानेवारी १९६६ रोजी काही लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला. त्यात पंतप्रधान अबूबकर ताफावा बलेवा, उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेल्लो इत्यादींचे बळी गेले. उठाव करणारे बहुतेक अधिकारी इबो होते व त्यानंतर सत्तेवर आलेले जनरल अग्वीयी-इरॉन्सी हेही इबो होते. म्हणून उत्तरेत हा उठाव इबोंचा कट मानला गेला. वस्तुतः तो मोडून काढण्यात स्वतः इरॉन्सी यांचा मोठा वाटा होता. मे १९६६ मध्ये इरॉन्सी यांनी संघराज्यपद्धती रद्द करून एकात्म शासनाचा हुकूम काढला, तेव्हा उत्तरेत दंगली उसळल्या. २९ जुलै १९६६ च्या प्रतिउठावात इरॉन्सी मारले गेले व याकुबू गोवॉन सत्तेवर आले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडील शहरांत पूर्वेकडील लोकांचे, विशेषतः इबोंचे, शिरकाण झाले. हजारो माणसे मारली गेली व लाखो निर्वासित पूर्वेकडे परतले. आपले प्राण व मालमत्ता यांचे रक्षण केंद्रसत्ता करू शकत नाही, ही भावना येथूनच दृढ झाली.

आबुरीची बैठक : ४ व ५ जानेवारी १९६७ रोजी घानातील आबुरी येथे गोवॉन व पूर्व प्रदेशाचे लष्करी राज्यपाल ओडुमेग्वू ओजुक्वू यांची इतर लष्करी नेत्यांसह बैठक झाली. बळाचा वापर न करणे, महत्त्वाचे निर्णय सर्व प्रदेशांच्या संमतीने घेणे व विस्थापित कर्मचाऱ्यांना ३१ मार्चपर्यंत वेतन देणे, यांवर एकमत झाले. परंतु करार कसा अंमलात आणावा याविषयी दोन्ही पक्षांनी भिन्न अर्थ लावले. मार्चमध्ये निघालेल्या आठव्या हुकमाने प्रदेशांना बरेच अधिकार दिले. तथापि आणीबाणीत प्रदेशाविरुद्ध कारवाई करण्याची तरतूद त्यात असल्याने पूर्वेने तो नाकारला. २७ मे रोजी गोवॉन यांनी देशाची बारा राज्यांत विभागणी केली. त्यामुळे तेलसंपन्न किनारपट्टी इबोंच्या राज्याबाहेर गेली. ३० मे १९६७ रोजी ओजुक्वू यांनी बिआफ्राच्या प्रजासत्ताकाची घोषणा केली.

यादवी युद्ध : ६ जुलै १९६७ रोजी युद्ध सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये राजधानी एनुगू व मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट बंदर संघसेनेच्या हाती पडले. टांझानिया, गाबाँ, आयव्हरी कोस्ट, झँबिया व हैती या देशांनी बिआफ्रास मान्यता दिली. ब्रिटन व सोव्हिएट रशिया यांनी संघसरकारला शस्त्रे पुरविली. आफ्रिकी ऐक्य संघटनेने नायजेरियाच्या अखंडतेचा पक्ष घेतला. नाकेबंदीमुळे अन्नटंचाई विकोपाला गेली व प्रथिनांच्या अभावी होणाऱ्या क्वाशिओरकॉर रोगाने असंख्य बालके दगावली. युद्धातील मृतांच्या संख्येविषयी मतभेद असून पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत अंदाज केले जातात.

युद्धकाळातही वाटाघाटींचे प्रयत्न झाले. १९६८ मध्ये कंपाला व आदिस अबाबा येथील बोलणी निष्फळ ठरली; कारण प्रथम विभक्ततेचा त्याग करावा, असा संघसरकारचा व प्रथम युद्धविराम व्हावा, असा बिआफ्राचा आग्रह होता. योरुबा नाटककार वोले शोयिंका यांनी १९६७ मध्ये पूर्वेस जाऊन समेटाचा प्रयत्न केला. त्याबद्दल त्यांना १९६९ पर्यंत तुरुंगवास भोगावा लागला. जानेवारी १९७० मध्ये ओजुक्वू देश सोडून गेले व १५ जानेवारी रोजी फिलिप एफिआँग यांनी रीतसर शरणागती पत्करली.

युद्धोत्तर काळ : ‘कोणी विजेता नाही, कोणी पराजित नाही’ अशी घोषणा करून गोवॉन यांनी सलोखा, पुनर्वसन व पुनर्रचना यांचे धोरण जाहीर केले. सूडाचे खटले झाले नाहीत व अनेक इबो पूर्वीच्या गावी व नोकऱ्यांवर परतले. तथापि युद्धकाळात व्यवहार झालेल्या बँकखात्यांवर ठेव कितीही असली, तरी केवळ वीस पौंड देण्यात आले. पोर्ट हारकोर्टमधील इबोंची घरे ‘परित्यक्त मालमत्ता’ ठरविली गेली. भांडवल गमावलेल्या इबोंना १९७२ च्या स्वदेशीकरण हुकमाचा लाभही फारसा घेता आला नाही. १९७९ मध्ये अलेक्स एक्वुएमे हे उपाध्यक्ष झाले व १९८२ मध्ये ओजुक्वू यांना माफी मिळाली. परंतु इबो व्यक्ती देशाच्या अध्यक्षपदी निवडून आलेली नाही. सहा भूराजकीय विभागांपैकी आग्नेय विभागात पाचच राज्ये आहेत, तर इतरांत सहा वा सात. त्यामुळे केंद्रीय प्रतिनिधित्व व महसूलवाटप यांत या विभागाचा वाटा कमी पडतो, अशी इबोंची तक्रार आहे.

पुनरुज्जीवन : १९९९ मध्ये नागरी राजवट परतली व त्याच वर्षी राल्फ उवाझुरिके यांनी बिआफ्राच्या स्थापनेसाठी अहिंसक म्हणविणारी ‘मासॉब’ ही संघटना काढली. २०१२ मध्ये न्नाम्दी कानू यांची ‘आयपॉब’ संघटना उदयास आली. सार्वमताची मागणी व लंडनहून होणारे ‘रेडिओ बिआफ्रा’चे प्रक्षोभक प्रसारण यांमुळे युद्ध न पाहिलेली तरुण पिढी तिच्याकडे आकर्षित झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये कानू यांना अटक झाली. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१६ या काळात सुरक्षा दलांनी किमान १५० निदर्शक ठार केल्याचा निष्कर्ष अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने काढला. जून २०१७ मध्ये उत्तरेतील काही युवक संघटनांनी इबोंना प्रदेश सोडण्याचे फर्मावले. ते पुढे मागे घेतले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये आयपॉबवर बंदी आली. डिसेंबर २०२० मध्ये तिने सशस्त्र शाखा उभारली. जून २०२१ मध्ये कानू यांना केनियातून नायजेरियात आणण्यात आले. ऑगस्टपासून दर सोमवारी ‘घरी बसा’ हा बंद पुकारला गेला. संघटनेने तो मागे घेतल्याचे जाहीर केल्यावरही बंदूकधाऱ्यांच्या भीतीने बाजार व शाळा बंद राहत. म्हणजे ज्यांच्या नावे चळवळ चालली, त्यांच्याच उपजीविकेवर घाला पडला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी अबुजा येथील न्यायालयाने कानू यांना दहशतवादाच्या आरोपांवरून जन्मठेप सुनावली.

संवादाची आवश्यकता : १९९९ च्या राज्यघटनेनुसार नायजेरिया अविभाज्य आहे. शिवाय इजॉ, इबिबिओ, एफिक, ओगोनी इ. अल्पसंख्य जमातींना बिआफ्रात इबोंच्या वर्चस्वाचे भय वाटत आले आहे. म्हणून विभक्ततेने प्रश्न सुटेलच, असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, केवळ बळाच्या वापराने असंतोष शमलेला नाही. ओहानेझ न्डिग्बो या इबोंच्या प्रमुख संस्थेने संघराज्याच्या फेररचनेचा पुरस्कार केला आहे. २०१४ च्या राष्ट्रीय परिषदेने आग्नेय विभागास आणखी एक राज्य देण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी झालेली नाही. नायजर त्रिभुज प्रदेशातील बंडखोरांना २००९ मध्ये माफी व पुनर्वसन देऊन सरकारने तेथील हिंसा बरीच कमी केली. हा अनुभव देशातच उपलब्ध आहे. २०२३ च्या निवडणुकीत इबो उमेदवार पीटर ओबी यांना साठ लाखांवर मते मिळाली व लागोससह इबोप्रदेशाबाहेरील राज्यांतही ते आघाडीवर राहिले. सामान्य इबो मतदार नायजेरियाच्या चौकटीतच न्याय मागू इच्छितो, हे त्यावरून दिसते.

आबुरीचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे नेते एकत्र बसले व सहमतही झाले. परंतु शब्दांचा अर्थ निश्चित करणारी व वचन पाळले जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा त्यांच्यापाशी नव्हती. पाच महिन्यांत बोलणी संपली व तीस महिन्यांचे युद्ध ओढवले. भावी संवाद फलदायी व्हावयाचा, तर अल्पसंख्य जमातींसह सर्वांचा त्यात सहभाग, मान्य झालेल्या गोष्टींचे कायद्यात रूपांतर आणि १९६६–७० मधील हत्या व हाल यांची उघड कबुली, या तीन गोष्टी अपरिहार्य ठरतात.