बापाच्या पाकिटातून आईच्या हातात

घरात येणारा पैसा कुणाच्या हातात पडतो त्यावर घरातलं किती काय ठरतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ब्रिटनमधल्या एका मंत्रीबाईंनी ही साधी गोष्ट कायद्यात आणली आणि त्यासाठी त्यांना आपल्याच माणसांशी भांडावं लागलं. त्या म्हणजे बार्बरा कॅसल.

१९४५ च्या निवडणुकीत कापडगिरण्यांच्या ब्लॅकबर्न गावातून त्या मजूर पक्षातर्फे निवडून आल्या. उमेदवारांच्या यादीत आधी सगळे पुरुषच होते. पक्षाचं काम करणाऱ्या तिथल्या बायकांनी बजावलं, यादीत एक तरी बाई घ्या, नाहीतर तुमचा चहा तुम्हीच करा! त्या वर्षी ६४० खासदारांत बायका होत्या फक्त २४. बार्बराबाई मात्र तिथून सलग ३४ वर्षं खासदार राहिल्या.

वाहतूकमंत्री झाल्या तेव्हा त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. तरी दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याचा श्वास तपासायचा कायदा त्यांनी १९६७ मध्ये आणलाच. पुरुषमंडळी भलतीच चिडली, पण रस्त्यावरचे मृत्यू कमी झाले.

पुढच्या वर्षी त्या रोजगारमंत्री असताना लंडनमधल्या डॅगनहॅमला फोर्डच्या कारखान्यात १८७ बायकांनी संप केला. या बायका गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत. त्यांचं काम ‘अकुशल’ ठरवलेलं, आणि त्या दर्जाच्या पुरुषांना मिळे त्याच्या ८५ टक्केच पगार. शिलाई म्हणजे बायकांना येतेच, त्यात कसलं कौशल्य, हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. कव्हरं नाहीत म्हणून गाड्यांचं काम थांबलं. बार्बराबाईंनी त्यांना कचेरीत बोलावलं, चहा दिला, ऐकून घेतलं. पगार ९२ टक्क्यांवर गेला. खरं तर ही अर्धीच जीत, कारण ‘कुशल’ हा शिक्का मिळायला त्यांना १९८४ साल उजाडलं. पण १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, तो बार्बराबाईंनीच आणलेला. मालकांना मात्र तयारीसाठी १९७५ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली.

आता मूळ गोष्ट. तिकडे मूल असलं की बापाच्या पगारावरचा कर कमी कापला जाई, म्हणजे ती बचत त्याच्या पाकिटात. आईला सरकारी भत्ता मिळे, पण दुसऱ्या मुलापासून. १९७५ मध्ये समाजकल्याण खातं बार्बराबाईंकडे होतं. त्यांनी कायदा केला: दोन्ही एकत्र करा, पहिल्या मुलापासून द्या आणि थेट आईला द्या.

कायदा झाला, पैसे निघेनात. १९७६ मध्ये जेम्स कॅलहन पंतप्रधान झाले आणि त्यांनी बार्बराबाईंना मंत्रिमंडळातून काढलं. तरुण माणसं हवीत म्हणे! बाई पासष्टच्या, पंतप्रधान स्वतः चौसष्टचे. लवकरच सरकारनं योजना पुढे ढकलली. पुरुषांच्या हातात येणारा पगार कमी होईल आणि कामगार संघटना भडकतील, ही भीती. म्हणजे बायकांच्या हातात तेवढेच पैसे वाढणार होते, हे कुणी मोजलंच नाही. पण मंत्रिमंडळातली ही चर्चा फुटली आणि एका साप्ताहिकात छापून आली. एकच गदारोळ झाला. बार्बराबाई साध्या खासदार म्हणून मागच्या बाकावरून आपल्याच सरकारवर तुटून पडल्या. शेवटी १९७७ पासून टप्प्याटप्प्यानं भत्ता सुरू झाला. एप्रिल १९७९ मध्ये तो दर मुलामागे आठवड्याला चार पौंड झाला, आणि आया पोस्टात जाऊन तो घेऊ लागल्या.

पुढच्याच महिन्यात बार्बराबाईंनी ब्लॅकबर्नची जागा सोडली. घरी मात्र बसल्या नाहीत. दहा वर्षं युरोपीय संसदेत होत्या, मग लॉर्ड्सच्या सभागृहात. २००० मध्ये, वयाच्या नव्वदीत, म्हाताऱ्यांची पेन्शन वाढवा म्हणून त्या पुन्हा आपल्याच पक्षाच्या सरकारशी भांडत होत्या.