‘लाइन’ गेली : एकोडीच्या विजेविषयी एक भाषिक-ऐतिहासिक टिपण

पुण्याकडे वीज खंडित झाली म्हणजे ‘लाइट गेली’ असे म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात, एकोडीसारख्या गावी, त्याच प्रसंगी ‘लाइन गेली’ असे ऐकू येते. पहिला शब्दप्रयोग विजेला तिच्या उपयोगावरून ओळखतो, दुसरा तिच्या वाहनावरून. हा भेद केवळ बोलीभेद मानून सोडून देण्याजोगा नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मायकेल फॅरडे याने विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला तो १८३१ साली, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. कोशातील ‘वीज’ मात्र आकाशातलीच आहे. संस्कृत ‘विद्युत्’, प्राकृत ‘विज्जु’ या वाटेने आलेला हा शब्द पडणाऱ्या, कडाडणाऱ्या तेजाचा होता. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरविला असता तारेत प्रवाह उत्पन्न होतो, ही फॅरडेची गोष्ट त्या शब्दात पुढे सामावली गेली. या मुलखात ती तारेवरून आली.

मुंबई प्रांतात वीज मोठ्या प्रमाणावर आली ती गिरण्यांसाठी. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटावर साठविलेले पाणी खाली उतरवून उत्पन्न केलेली वीज तारांनी मुंबईस गेली. भंडारा त्या व्यवस्थेच्या बाहेर, मध्यप्रांतात होता. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना झाली. छत्तीसगढच्या हिंदीतही ‘लाइन’च जाते, तो प्रदेश १९५६ पर्यंत याच प्रांताचा भाग होता. शब्दाची सीमा जुन्या प्रांताच्या सीमेशी काही अंशी जुळत असावी, असे अनुमान करण्यास येथे जागा आहे. मात्र त्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

मंडळाबरोबर शासकीय परिभाषाही आली. ‘जनित्र’ हा शब्द ‘खनित्र’, ‘लवित्र’ यांच्या घडणीचा आहे. ‘-इत्र’ हा साधनवाचक प्रत्यय पाणिनीच्या अभ्यासकांस परिचित आहेच. त्याच साच्यातील ‘रोहित्र’ मात्र विचारास प्रवृत्त करते. त्यात दिसणारा ‘रुह्’ हा धातू चढण्याचा, वाढण्याचा. वीजकेंद्राजवळ हे यथार्थ ठरते. तेथे दाब चढवितात, कारण शक्ती तेवढीच ठेवून दाब वाढविला की प्रवाह घटतो, आणि तारेतील उष्णतेचा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तीच शक्ती त्याच तारेतून ४०० व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने नेली, तर व्यय सुमारे साडेसातशे पटींनी कमी होतो. परंतु गावच्या खांबावरील रोहित्र चढवीत नाही, उतरविते. गावाने त्या शब्दाची वाट पाहिली नाही. तेथे ती ‘डीपी’ आहे, स्त्रीलिंगी आहे, आणि धानाच्या ऐन हंगामात ती ‘जळते’.

हा तलावांचा जिल्हा. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांतील पाणी उताराने शेतात जाई. त्याला ना तार लागे, ना फेज. विहिरीवर मोटार बसली, तेव्हा पाणी प्रथमच तासांच्या वेळापत्रकाला बांधले गेले. दिव्याला एक फेज पुरते, पंपाच्या मोटारीला बहुधा तीन लागतात. म्हणून घरात उजेड असूनही शेतकरी ‘लाइन नाही’ म्हणतो, आणि त्याचे म्हणणे शब्दशः खरे असते. इकडे चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. पुढे तिरोड्याला, म्हणजे शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. विदर्भातून पश्चिमेकडे जाणाऱ्या तारा गावच्या ‘लाइन’मध्ये मोडत नाहीत.

सर्वांत चिंतनीय शब्द ‘करंट’ हा आहे. इंग्रजीत तो प्रवाह. आमच्या बोलीत तो धक्का. ‘करंट वाहिला’ असे कोणी म्हणत नाही, ‘करंट लागला’ म्हणतात, किंवा ‘तारेत करंट सोडला’. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी दोन प्रकारची कुंपणे आढळतात. एकात ‘झटका मशीन’ अत्यल्प काळाचे, मर्यादित ऊर्जेचे स्पंद थांबून थांबून सोडते; दोन स्पंदांच्या मध्ये अंग सोडवून घेता येते. दुसऱ्यात खांबावरील तार सरळ कुंपणाला जोडलेली असते. हे बेकायदेशीर आहे. तेथे प्रवाह अखंड राहतो, स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. अशा तारांनी वाघ मेले आहेत, माणसेही मेली आहेत. दोन्हींना बोलीत शब्द एकच : ‘करंट’. ‘विद्युत्प्रवाह’ हा प्रतिशब्द कोशात निर्दोष आहे. पण धोक्याच्या फलकावर तो वाचणाऱ्यास ‘सोडलेला’ आणि ‘थांबून येणारा’ यांतील अंतर सांगत नाही. ‘झटका’ हा शब्द बोलीने स्वतः घडविलेला आहे आणि तो थांबून येणाऱ्या स्पंदाचेच वर्णन करतो. फलकाच्या भाषेची निवड करणाऱ्यांनी आरंभ तेथून करावा.