मणके मोजण्याची विद्या

१८८७ सालच्या जून महिन्याची ९ तारीख. लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकारांच्या रुग्णालयात एका लष्करी कप्तानावर शस्त्रक्रिया चालली होती. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली त्याला तीन वर्षे असह्य वेदना होत होत्या आणि आता दोन्ही पायांतील शक्तीही गेली होती. विल्यम गॉवर्स या विख्यात वैद्याने केवळ वेदनेचे स्थान आणि संवेदना कोठपासून नष्ट झाली आहे एवढे पाहून, मज्जारज्जूवर गाठीचा दाब पडत असावा, असे निदान केले होते. शस्त्र हाती होते ते तीस वर्षांच्या व्हिक्टर हॉर्स्ली यांच्या.

हॉर्स्ली यांनी मणक्यांच्या मागील कमानी काढून मज्जारज्जूचे आवरण उघडले; परंतु गाठ दिसेना. तेव्हा त्यांनी आणखी वरचे हाड काढले आणि तेथे बदामाच्या आकाराची गाठ सापडली. वर्षभरात तो कप्तान चालू लागला, कामावरही परतला. आधी निदान करून मज्जारज्जूवरील गाठ यशस्वीपणे काढल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो.

या प्रसंगातील धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण त्यात दडलेली एक अडचण पुढील शतकभराच्या प्रयत्नांना दिशा देणारी ठरली. जखम मोठी करावी लागली, ती गाठ मोठी होती म्हणून नव्हे, तर तिची जागा नेमकी ठाऊक नव्हती म्हणून. शोधाचे कामही शस्त्रालाच करावे लागत होते.

ते काम शस्त्राकडून हळूहळू काढून घेण्यात आले. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. परंतु त्यांनी हाडे दिसत, मज्जारज्जू दिसत नसे. १९१९ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत हवा भरून चित्र घेण्याची युक्ती सुचविली. थोड्याच वर्षांत फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून ते त्याच पोकळीत सोडले. तेल जेथे अडे, तेथे गाठ! पुढे १९८० नंतरच्या दशकांत चुंबकीय अनुनादाच्या चित्रांनी, सुईदेखील न टोचता, गाठ आणि मज्जारज्जू वेगवेगळे दाखविले. दरम्यान शस्त्रक्रियेच्या मेजावर सूक्ष्मदर्शकही येऊन पोहोचला होता.

१९९७ साली अमेरिकेत फोली आणि स्मिथ यांनी मणक्यांमधील सरकलेली चकती काढण्यासाठी एक अरुंद नळी वापरली. स्नायू हाडापासून खरवडून न काढता, एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून ते केवळ बाजूला सारायचे, ही तिची रीत. पुढील दशकात हीच वाट गाठींसाठीही चोखाळण्यात आली. सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून, एका बाजूची थोडीशी कमान कोरून, आवरण उघडायचे, गाठ काढायची आणि आवरण पुन्हा पाणीही झिरपणार नाही असे शिवायचे! स्नायू वाचतात, रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर उठून बसतो.

तथापि या रीतीला मर्यादा आहेत. ती शोभते मज्जारज्जूच्या बाहेर वाढलेल्या लहान गाठींना. रज्जूच्या आत रुतलेल्या किंवा अनेक मणक्यांवर पसरलेल्या गाठीसाठी विस्तृत छेद घेण्यातच बहुधा शहाणपण असते. जखम लहान राखण्याच्या हौसेपायी गाठ अर्धवट राहिली किंवा रज्जूला धक्का लागला, तर ती बचत रुग्णाला फार महाग पडते.

आणि एक गोष्ट आजही बदललेली नाही. पाठीच्या मधल्या भागातील मणके दिसायला इतके सारखे असतात की त्यांत एकाची चूक सहज होते. मोठ्या जखमेत ती चूक हॉर्स्ली यांच्याप्रमाणे सुधारता येते; अरुंद नळीतून शेजारचा मणका दिसतच नाही. म्हणून आजचा शल्यविशारदही त्वचेला शस्त्र लावण्यापूर्वी क्ष-किरणांच्या पडद्यावर मणके एकेक करून मोजतो, आणि बरोबरच्या सहकाऱ्याकडून पुन्हा मोजवून घेतो.