दिलेले नागरिकत्व परत घेता येते का? सखाराम गणेश पंडित यांचा खटला 🧵

१/८
१९ फेब्रुवारी १९२३. भगतसिंग थिंड हे 'गोरे' नाहीत, म्हणून ते अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. थिंड यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते.

२/८
या वादाचे मूळ १७९० च्या कायद्यात होते. परदेशी जन्मलेल्यांपैकी केवळ 'स्वतंत्र गोऱ्या' व्यक्तींनाच नागरिकत्व मिळू शके. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. भारतीय नेमके कोणत्या गटात, हे प्रत्येक न्यायालय आपापल्या परीने ठरवी.

३/८
थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. उच्चवर्णीय भारतीय आर्य, म्हणजेच कॉकेशियन, म्हणून गोरे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. वर्णभेदी कायद्याच्या दारातून आत जाण्यासाठी येथे जातिशुद्धतेचा आधार घेतला गेला.

४/८
तीनच महिन्यांपूर्वी, जपानी वंशाच्या ओझावा यांना नाकारताना, न्या. सदरलँड यांनी 'गोरा म्हणजे कॉकेशियन' असे म्हटले होते. थिंड यांच्या वेळी त्यांनीच कसोटी बदलली : सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो, तोच गोरा.

५/८
यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांवरही खटले भरले. नागरिकत्व गेले की कॅलिफोर्नियात जमिनीची मालकीही धोक्यात येई. नागरिकत्व गमावलेले व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली.

६/८
पंडितांवरही खटला झाला. या वेळी त्यांनी वंशाच्या वादापेक्षा वेगळा मुद्दा पुढे केला. नागरिकत्वाच्या भरवशावर ते वकील झाले होते, त्यांनी मालमत्ता केली होती, अमेरिकी स्त्रीशी विवाह केला होता. ते परके ठरले असते, तर तत्कालीन कायद्यानुसार पत्नीचेही नागरिकत्व गेले असते.

७/८
१९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला : १९१४ च्या निकालाविरुद्ध सरकारने तेव्हा अपील केले नाही, निकाली निघालेला प्रश्न आता पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकण्यास नकार दिला आणि उरलेले खटले सरकारने सोडून दिले.

८/८
थिंड यांना १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळाले. सर्व भारतीयांसाठी ते दार उघडायला १९४६ साल उजाडले. पंडितांच्या विजयाने तो कायदा बदलला नाही. मात्र एकदा दिलेला शब्द सरकारलाही पाळावा लागतो, हे त्याने सिद्ध केले.