हात मोकळे नसतील तेव्हा

वेळ आता सगळीकडे फुकट मिळते. फोनवर, लॅपटॉपच्या कोपऱ्यात, एटीएमच्या पावतीवर. तरी माझ्या ऑफिसात कितीतरी मनगटांवर घड्याळ दिसतं. 'शोभेसाठी' हे सोपं उत्तर. पण इतिहास उलटा आहे. मनगटी घड्याळ आधी शोभेचं होतं, कामाचं नंतर झालं.

एकोणिसाव्या शतकात पुरुषांचं घड्याळ खिशात असे, साखळीला लावलेलं. मनगटावर बांधायचं ते बायकांनी, दागिना म्हणून. पहिल्या महायुद्धाने (1914-18) हे बदललं. ठरलेल्या मिनिटाला तोफा थांबणार आणि पायदळ पुढे सरकणार. हातात बंदूक असलेला सैनिक खिशातून घड्याळ कधी काढणार? म्हणून ते मनगटावर आलं. अंधारात दिसावं म्हणून काट्यांना रेडियमचा रंग लागला.

आमच्या असोद्याला एकेकाळी सूर्य पुरत होता. पण 1860च्या दशकात जळगाव-भुसावळला रेल्वे आली आणि 1 जानेवारी 1906 पासून भारताची प्रमाणवेळ ठरली, 82.5 रेखांशाची. जळगाव आहे साधारण 75.6 वर. एका अंशाला 4 मिनिटं धरा. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी 28 मिनिटं मागे. तो डोक्यावर आल्यावर 'बारा वाजले' म्हणत स्टेशन गाठलं, तर बाराची गाडी निघून गेलेली.

आता घड्याळ हवंच होतं, पण परवडत नव्हतं. 1961 मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढे 'जनता' मॉडेल घरोघरी पोचलं. माझ्या आजोबांकडेही होतं. रोज सकाळी किल्ली द्यायची आणि रेडिओच्या बातम्यांशी वेळ मिळवायची, हा त्यांचा नेम.

1969 मध्ये सेको कंपनीने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की उरतो एक, म्हणजेच एक सेकंद. आम्हा इंजिनिअरांना आवडावं असं गणित! या तंत्राने अचूक वेळ स्वस्त केली, मोबाईलने ती खिशात आणली. 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

मग घड्याळ उरलं का? कारण फोन म्हणजे पुन्हा खिशातलंच घड्याळ, त्यात भर म्हणून अख्खा बाजार. नोटिफिकेशन पाठवणारा कोड लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे सांगतो, तो तुम्हाला थांबवून ठेवण्यासाठीच असतो. वेळ बघायला फोन काढावा, दहा मिनिटांनी ठेवावा आणि किती वाजले ते बघायचंच राहावं, हा अनुभव तुम्हालाही असेल. मनगटावरचं घड्याळ वेळ सांगतं आणि गप्प बसतं.

गावी काका केळीला पाणी द्यायला रात्री शेतात जातात. लाईट आली की मोटार चालू, मग ठरल्या वेळी ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायचा. एका हातात बॅटरी, दुसरा चिखलाने भरलेला. त्यांच्या मनगटावर 'रेडियमचं घड्याळ' असतं. त्यात रेडियम आता नसतं, पण शब्द टिकलाय. आणि तो ज्या गरजेतून आला, तीही.