उपरी आणि मिरासदार

मराठेशाहीच्या महसुली दप्तरांत कुणब्यांचे दोन वर्ग आढळतात. वंशपरंपरेने जमिनीचा धनी तो मिरासदार; परगावाहून येऊन कराराने जमीन कसणारा तो उपरी. दोघेही एकाच शिवारात घाम गाळीत. परंतु गावच्या निवाड्यात व मानपानात स्थान मिरासदाराला असे; उपऱ्याला हवे तेव्हा गाव सोडण्याची मोकळीक तेवढी असे. रायपूरवासी मराठी जनांनी, आपण या दोहोंपैकी कोण, हे सुवर्णमहोत्सवी वर्षात स्वतःस विचारावयास हवे.

छत्तीसगडच्या इतिहासात दोन्ही नमुने आहेत. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांची फौज रतनपूरवर आली, ती बंगालच्या वाटेवर. १७५८ मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी आले, ते मात्र राहावयास. १७८७ मध्ये निधन होईपर्यंत रतनपूर हीच त्यांची राजधानी होती. तेथील टेकडीवरचे राममंदिर आजही नागपूरजवळच्या रामटेकची आठवण देते. त्यांच्या पश्चात पुतणे व्यंकोजी यांनी नागपुरात राहून सुभेदारांकरवी कारभार चालविला. घराणे तेच, मुलूखही तोच. परंतु राजधानीचे आता वसुलीचे ठाणे झाले.

१८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे केंद्र रतनपूरहून रायपुरास आणले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी ठरली. त्यामुळे नागपूरहून रायपुरास येणारा कारकून, वकील वा शिक्षक परप्रांतात जात नसे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. घर जागचे हलले नाही, तरी घरातली माणसे एका रात्रीत परप्रांतीय झाली! तात्पर्य, माणूस कोठला हे केवळ सरहद्दीवरून ठरत नाही.

मग ते कशावरून ठरते? याचे उत्तर पं. माधवराव सप्रे यांच्या चरित्रात मिळते. मातृभाषा मराठी असलेल्या या पुरुषाने १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक होते. 'दासबोध' व 'गीतारहस्य' सप्रे यांनी हिंदीत नेले. मराठी त्यांनी सोडली नाही; तिच्यातील उत्तम ते शेजाऱ्याच्या घरी पोहोचविले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचा देह पडला. त्यांना येथे उपरी कोण म्हणेल?

प्रस्तुत लेखक केंद्र सरकारचा नोकर, म्हणजे जन्माचा उपरी. बदलीच्या हुकमाच्या भीतीने आमच्या काही पेट्या वर्षभर सोडल्याच नव्हत्या. अंगणात आंबा लावावा असे पत्नीने सुचविले, तेव्हा "फळे खावयास आपण थोडेच असणार?" असे मी म्हणालो होतो. आज मुलगी शेजारणींशी सहज छत्तीसगढीत बोलते. मला ती भाषा समजते, बोलता येत नाही. उणीव माझी आहे, या भूमीची नव्हे.

निवृत्तीनंतर पुण्यास जावे की येथेच राहावे, याचा निर्णय व्हावयाचा आहे. तथापि गेल्या पावसाळ्यात सरकारी निवासाच्या अंगणात आंबा लावला. फळे माझ्यामागून येणारा खाईल. जुन्या काळी मिरास वडिलांकडून मिळे. परमुलखात ती आपल्या हातानेच निर्माण करावी लागते. आपल्या मंडळाचेही पुढील पन्नास वर्षांचे कार्य याहून वेगळे नसावे.