दिग्विजयाचा पट आणि त्याचा पंच

दिग्विजयाची हौस मनुष्यजातीला फार जुनी आहे. परंतु ती भागविण्यापुरतें सैन्य व खजिना फारच थोड्यांच्या वांट्याला येतो. उरलेल्यांनीं ती हौस पटावर भागविली. आज हा पट संगणकाच्या व मोबाइलच्या कांचेवर उतरला आहे. एकमेकांचीं तोंडें कधीं न पाहिलेले पांचसहा गडी, कोणी पुण्यांत तर कोणी बर्लिनमध्यें बसून, पाळीपाळीनें पृथ्वी वांटून घेत असतात. सुशिक्षित घरांतील वडील माणसें या खेळाकडे दोन प्रकारांनीं पहातात. कोणी हा निव्वळ कालापव्यय म्हणून नाक मुरडतात. कोणी यानें मुलांच्या मनांत राज्यतृष्णा व क्रौर्य रुजेल म्हणून धास्तावतात. या खेळाला लांबलचक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचें मुख्य पात्र विजेता नसून पंच आहे, हें दोन्ही पक्षांच्या लक्षांत आलेलें नसतें. जग जिंकावयास निघालेल्याला 'एवढें तुला साधणार नाहीं' असें सांगणारा कोणी तरी असल्यावांचून हा खेळ उभाच राहूं शकत नाहीं. हा सांगणारा काळाप्रमाणें कसा बदलत गेला, हें पहाण्याचा या लेखाचा हेतु आहे.

पंच नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्याला महाभारतांतच सांपडतें. सभापर्वांत चार पांडव चार दिशा जिंकून येतात, राजसूय यज्ञ पार पडतो, आणि चार दिशांचें तें वैभव फांशांच्या थोड्याशा दानांत नाहींसें होतें. त्या सभेंत 'पुरे' म्हणणारा एक विदुर होता. पण त्याच्या शब्दामागें अधिकार नव्हता. ज्यांच्या शब्दाला वजन होतें ते माना खालीं घालून बसले. द्यूत वाईट ठरलें तें केवळ फांशांमुळें नव्हे. खेळाला मर्यादा घालणारी सत्ता त्या सभेंत कोणाजवळच नव्हती म्हणूनही.

बुद्धिबळाची गोष्ट निराळी. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत चतुरंगाचा उल्लेख केला आहे, आणि बाराव्या शतकांत कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें मानसोल्लासांत राजाच्या विनोदांमध्यें त्याला स्थान दिलें आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सेनेचीं चार अंगें त्या पटावर आलीं. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरूनीनें वर्णिलेला खेळ चौघांचा असून त्यांत फांसेही पडत. पण इराणच्या मार्गानें जो जगभर पसरला तो दोघांचा व फांशांवांचूनचा. येथें पंच म्हणजे नियमच. दोन्ही सेना सारख्या, सारें मैदान दोघांनाही उघडें, आणि दैवाचा वांटा शून्य. पटापाशीं सम्राट् बसला काय किंवा त्याचा कारकून बसला काय, घोडा अडीच घरेंच चालणार. बुद्धिबळाचा हाच मोठेपणा आणि लष्करी दृष्टीनें हाच त्याचा उणेपणा. खऱ्या रणांगणांत चिखल असतो, टेकडी असते, शत्रु झाडीआड दडलेला असतो, आणि सेनापतीचा हुकूम पोंचेपर्यंत प्रसंगच पालटलेला असतो.

ही उणीव भरून काढण्याचा उद्योग अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत सुरू झाला. ब्रन्सविक येथील हेल्विग नांवाच्या गणिताच्या अध्यापकानें इ. स. १७८० मध्यें सोळाशेंहून अधिक घरांचा एक पट प्रसिद्ध केला. त्यावर जमिनीच्या प्रकाराप्रमाणें घरांचे रंग निरनिराळे होते. प्रशियांतील बॅरन फॉन राइस्वित्स यानें तर घरांचें बंधनच तोडलें. इ. स. १८१२ मध्यें त्यानें राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास एक मेज नजर केलें. त्यावर नद्या, टेकड्या व गांवें यांचे तुकडे हवे तसे जुळवून वाटेल ती भूमि मांडतां येई.

त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. इ. स. १८२४ मध्यें त्यानें या खेळाला जें रूप दिलें तें 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धखेळ, या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलें. एकास आठ हजार या प्रमाणाचा नकाशा, लाल व निळे ठोकळे, दोन मिनिटांची एक पाळी, आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें बसलेला एक पंच, अशी त्याची मांडणी होती. गड्यानें आपला हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाच्या हातीं द्यावयाचा. ठोकळे पंच हलविणार. शत्रूचें जें पथक दृष्टीच्या टप्प्यांत नसेल तें तो पटावर मांडीतच नसे. चकमकीचा निकालही फांसे व कोष्टकें पाहून तोच सांगे. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्यूफ्लिंग हे प्रथम कांहींशा थंडपणानेंच हा खेळ पहावयास बसले. पण पहातां पहातां, हा खेळ नसून युद्धाचें शिक्षण आहे, असें त्यांचें मत झालें व त्यांनीं लष्कराला त्याची शिफारस केली. यांत नवें असें दोन गोष्टींचें होतें. पटावर अज्ञान आलें, म्हणजे आपल्याला सारें दिसत नाहीं ही जाणीव आली. आणि मोठ्या अधिकाऱ्यालाही 'आपली पलटण वेळेवर पोंचली नाहीं' असें सांगण्याचा हक्क एका माणसाला मिळाला.

मात्र पंच माणूस झाला कीं त्याच्यावर माणसांचें वजन पडूं लागतें. इ. स. १८७६ मध्यें फेर्डी द्यु वेर्न्वा या प्रशियन सेनानीनें कोष्टकें व फांसे बाजूस सारून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोंपवावा असें प्रतिपादन केलें. खेळ त्यामुळें सुटसुटीत झाला. पण पंचाचा विवेक वरिष्ठांच्या इच्छेपुढें कितपत टिकेल, हा प्रश्न उरलाच. फांसे असले तरीही हा प्रश्न सुटत नाहीं, हें इ. स. १९४२ च्या मे महिन्यांत जपानी आरमारांत दिसून आलें. मिडवे बेटावरील स्वारीपूर्वीं 'यामातो' या युद्धनौकेवर त्या मोहिमेचा खेळ मांडण्यांत आला. या स्वारीच्या काळांत जपानी आरमारांत असलेल्या अधिकाऱ्यांनीं पुढें लिहून ठेविलेली हकीकत अशी : अमेरिकन विमानांच्या हल्ल्याचे फांसे पडले, आणि पंचानें नऊ बाँब लागू पडून 'आकागी' व 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या असा निकाल दिला. खेळावर देखरेख करणारे रिअर-अॅडमिरल उगाकी यांनीं तो फिरवून नवाचे तीन केले. 'आकागी' वांचली, आणि बुडालेली 'कागा' पुढच्या मोहिमेच्या खेळांत पुन्हां तरंगूं लागली! ४ जून १९४२ रोजीं खऱ्या समुद्रावर जे बाँब पडले त्यांचा हिशेब फिरविणारा कोणी नव्हता. 'आकागी', 'कागा', 'सोर्यू' व 'हिर्यू' या चारही नौका जपानला त्या लढाईंत गमवाव्या लागल्या. खेळानें भविष्य वर्तविलें होतें असें यावरून ठरत नाहीं. खेळानें एक प्रश्न विचारला होता आणि तो ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती, एवढें मात्र निश्चित ठरतें.

यानंतर पंधरा वर्षांनीं दिग्विजयाचा पट लष्करी कचेऱ्यांतून निघून दिवाणखान्यांत आला. एका लहान मुलाच्या व त्याच्या तांबड्या फुग्याच्या चित्रपटामुळें विख्यात झालेले फ्रेंच चित्रपटकार आल्बेर लामोरिस यांनीं इ. स. १९५७ मध्यें 'जगज्जय' अशा अर्थाच्या नांवाचा एक खेळ काढला. इ. स. १९५९ मध्यें तो अमेरिकेंत 'रिस्क' या नांवानें प्रसिद्ध झाला. काळाचा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. इ. स. १९५७ मध्येंच घाना देश स्वतंत्र झाला; खरीं साम्राज्यें एकामागून एक मोडत असतां पुठ्ठ्याच्या पृथ्वीवर नवीं उभीं राहूं लागलीं. या पटावर पृथ्वीचे ४२ प्रदेश व ६ खंडें आहेत. आपला सारा हिंदुस्थान हें त्यांतलें केवळ एक घर. मध्यपूर्व, अफगाणिस्तान, चीन व सयाम हे त्याचे शेजारी.

इंटरनेटवर पाळीपाळीनें खेळले जाणारे पुष्कळसे जगज्जयाचे खेळ याच नमुन्यावर बेतलेले असल्यामुळें त्याचे नियम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पाळी आली कीं गड्याला प्रथम कुमक मिळते. आपल्या ताब्यांतील प्रदेशांच्या संख्येला तिनानें भागावें. भागाकार कितीही लहान आला तरी तीन तुकड्या मिळतातच. एखादें खंड संपूर्ण हातीं असेल तर त्याचा जादा वसूल मिळतो. नंतर शेजारच्या प्रदेशावर स्वारी करावी, आणि शेवटीं सैन्याची हलवाहलव करून पाळी संपवावी. नवखा गडी बहुधा आशियावर झडप घालतो. कारण त्याचा वसूल सात तुकड्यांचा, म्हणजे सर्वांत मोठा आहे. पण तेथें १२ प्रदेश सांभाळावे लागतात व शत्रूला शिरावयास चहूंकडून वाटा आहेत. मुरलेला गडी ऑस्ट्रेलियांत ठाण मांडतो. वसूल दोनच तुकड्यांचा. पण प्रदेश चारच, आणि दार एकच, सयामकडचें. मुलूख किती घेतला यापेक्षां वेस किती राखावी लागते, हा हिशेब आधीं करावा, हें या खेळाचें पहिलें सूत्र. आपल्या इतिहासाच्या वाचकाला तें नवीन वाटूं नये. इ. स. १६८१ मध्यें दक्षिणेंत उतरलेला औरंगजेब १७०७ त मरेपर्यंत उत्तरेस परत गेला नाहीं. किल्ले घेत गेला, आणि घेतलेले राखतां राखतां त्याची पातशाही खंगली.

दुसरें सूत्र फांशांचें आहे. हल्ला करणारा एका वेळीं तीनपर्यंत फांसे टाकतो व बचाव करणारा दोनपर्यंत. मोठ्या दानाशीं मोठें दान ताडून पहातात. बरोबरी झाल्यास बचावाची सरशी. तिनास दोन फांसे असतां एकंदर ७,७७६ प्रकारचीं दानें संभवतात. त्यांपैकीं २,८९० दानांत बचावाच्या दोन तुकड्या पडतात, २,२७५ दानांत हल्ल्याच्या दोन, आणि बाकीच्या २,६११ दानांत दोहोंकडची एकेक. म्हणजे भरपूर सैन्यानिशीं चालून जाणाऱ्याचें पारडें किंचित् जड असतें. पण लढाई एकास एक फांशावर आली कीं ३६ पैकीं २१ वेळां बचावच जिंकतो. हल्ला सुरू केव्हां करावा हें सर्वांनाच समजतें. तो कोणत्या क्षणीं थांबवावा हें ज्याला समजलें त्याचा डाव सहसा बुडत नाहीं.

दूरच्या गड्याशीं खेळण्याची युक्ति मात्र इंटरनेटची नव्हे. क्रीग्सश्पील ज्या १८२४ सालीं निघालें त्याच सालीं लंडन व एडिंबरो येथील बुद्धिबळमंडळांनीं टपालानें सामना आरंभला. तो १८२८ पर्यंत चालून एडिंबरोनें जिंकला. आज टपालाची जागा इंटरनेटनें घेतली आहे. प्रत्येक पाळीला कांहीं तासांची, कोठें पुऱ्या दिवसाची मुदत असते, आणि तेवढ्यांत संताप निवावयास अवकाश मिळतो. पंचाचें काम यंत्र करतें. त्याला वरिष्ठ नाहींत, भीड नाहीं, आणि बक्षिसाची आशाही नाहीं. म्हणजे राइस्वित्सच्या मनांतला निःपक्षपाती पंच दोनशें वर्षांनीं हातीं आला, असें म्हणावयास हरकत नसावी. पण गंमत अशी कीं, हरलेला गडी त्याच्यावरच चिडतो, आणि यंत्राचे फांसे लबाड आहेत अशी तक्रार करतो. तिनास दोन फांशांच्या हल्ल्यांत ओळीनें चार वेळां दोन्ही तुकड्या गमावण्याचा योग सुमारें १३६ त एकदां येतो. शेंकडों दानें टाकणाऱ्याला तो आल्यावांचून कसा राहील? पण मन अनुकूल दानें विसरतें व प्रतिकूल तेवढीं जपून ठेवतें. उगाकींना पंचाचा निकाल फिरवितां आला. आपल्याला तो फिरवितां येत नाहीं, म्हणून आपण पंचावर आळ घेतों. वृत्ति दोहोंकडे एकच.

यंत्राच्या न्यायालाही एक सीमा आहे. अॅलन कॅल्हॅमर या अमेरिकन गृहस्थांनीं १९५९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'डिप्लोमसी' या खेळांत फांसेच नाहींत. इ. स. १९०१ च्या युरोपांतील सात सत्ता आपापसांत खलबतें करतात, आणि मग सर्वांचे लेखी हुकूम एकदम उघडले जातात. तह करण्यास मुभा आहे. तह पाळलाच पाहिजे असा नियम नाहीं. इ. स. २०२२ मध्यें मेटा कंपनीच्या 'सिसेरो' नामक कृत्रिम बुद्धीनें हा खेळ इंटरनेटवर माणसांशीं खेळून, वाटाघाटीचे निरोप स्वतः लिहून, ४० डावांत, एकाहून अधिक डाव खेळलेल्या गड्यांच्या वरच्या दहा टक्क्यांत स्थान मिळविलें. म्हणजे शब्द द्यावयास आतां यंत्रही शिकलें. परंतु दिलेला शब्द राखावा कीं मोडावा, याचा निकाल कोणताही पंच देत नाहीं. तो ज्याचा त्यानें द्यावयाचा असतो, आणि गडीही तो ध्यानांत ठेवतात. एकदां दगा दिलेल्याशीं पुढच्या डावांत तह करतांना दहादां विचार होतो.

घरांतील मुलगा किंवा मुलगी या खेळांत रमलेली पाहून जे पालक चिंतेंत पडतात, त्यांनीं हा इतिहास लक्षांत घ्यावा. पटावर पृथ्वी जिंकल्यानें कोणी चंगीझखान होत नाहीं, आणि हरल्यानें कोणाचें राज्य जात नाहीं. तरी या खेळांत स्वभावाची परीक्षा होते हें खरें. म्हणून किती प्रदेश जिंकले हें मुलांना विचारूं नये. फांसे उलटे पडले तेव्हां निकाल मान्य केला कीं नाहीं, हल्ला कोठें थांबविला, आणि शेजाऱ्याला दिलेला शब्द कितव्या पाळीपर्यंत पाळला, एवढें विचारावें.